वाढला म्हणू नका

सरुबाईचा कंदील सगळ्या गावाला ठाऊक होता, आणि तो आपल्या दारात आलेला कुणालाच नको असायचा. काच एका अंगानं तडकलेली, तिला तारेचा वेढा, कडीला चिंधी गुंडाळलेली. गावात कुणाचं पेव उघडायचं म्हटलं की सरुबाई बोलावण्याची वाट बघत नसे. पदर खोचायची, कंदील उचलायची आणि ज्याच्या अंगणात माती उकरणं चाललंय त्याच्या दारात जाऊन उभी राहायची.

"कुनी उतरायचं न्हाय. आदी ह्यो उतरंल."

ह्यो म्हणजे कंदील. मालक कितीही मोठा असो, बाई जागची हलायची नाही. शिव्या दिल्या तर दीडपट परत करायची.

अणदूरच्या खालच्या अंगाला हे गाव. निम्मं गाव घरात मराठी बोलतं, निम्मं कानडी, आणि भांडायचं झालं की दोन्ही. तिथं घरोघरी पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड एवढंच, की एक माणूस अंग चोरून आत जाईल. खाली पोट मात्र रांजणासारखं सुटलेलं. कडेनं कडब्याचं अस्तर, मधे ज्वारी, वर फरशी, फरशीवर माती नि शेण. उंदराला वाट नाही, किड्याला वाट नाही, लेव्हीचं धान्य वसूल करणाऱ्या सरकारी साहेबालाही नाही. दोन-दोन, तीन-तीन वर्षं दाणा तिथं झोपतो. पण दाणा झोपेतही श्वास घेतो. आतली होती नव्हती ती हवा पिऊन टाकतो आणि मागं उरते ती वाफ. गावाचा शब्द वाफ, म्हणून वाफ म्हणायचं. नाही तर तिला धूर नाही, वास नाही, ऊब नाही. तिच्यात उतरलेला माणूस खोकत नाही, ओरडत नाही. दमून खाली बसल्यासारखा बसतो, आणि मग आडवा होतो. वरच्यांना वाटतं, गडी जरा टेकलाय.

वाफ आहे का नाही हे कळायला एकच वाट. पेटता कंदील दोरानं खाली सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं, विझला तर पेवाचं तोंड उघडं टाकून वाट बघायची. शेंबड्या पोराला कळेल इतकं सोपं. तरी माणूस मेला. वाफेनं मेला असं गाव म्हणतं. सरुबाई म्हणायची, वाफेनं न्हाय, शब्दानं मेला.

तो शब्द घरोघरी आहे. आपल्याकडं दिवा विझत नाही, दिवा वाढतो. विझला म्हणणं अशुभ! बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढतं. बाईचं कपाळ उघडं झालं की तिचं कुंकू वाढवलं म्हणतात. ज्याचं वाटोळं झालं त्याला वाढलं म्हणायची ही रीत कुणी काढली कोण जाणे. ज्यानं काढली तो पेवात उतरणारा नव्हता, एवढं मात्र नक्की.

पेवात उतरणारे ठरलेले होते. ते काम कुणाच्या वाट्याचं, हे सांगायची गरज नाही. दाण्याला विटाळ नव्हता, माणसाला होता. छप्पन साली सरुबाईच्या वस्तीनं देव गाठोड्यात बांधले, ओढ्यात नेऊन सोडले आणि धम्म घेतला. म्हातारे म्हणाले, आता मेल्या ढोराची पड खायची नाही, वेशीवरची वेसकरकी करायची नाही. पण पेव उघडायचं म्हटलं की निरोप यायचाच, आणि तिचा नवरा बलभीम जायचा. "म्हारकी म्हनून जात न्हाय गं," असं सरुबाईला सांगायचा. "मला इद्या येती म्हनून जातो."

चीनच्या लढाईच्या साली महांतप्पांचं पेव उघडलं. गावातलं सगळ्यांत थोर पेव ते. निम्मं आधीच काढून तोंड पुन्हा लिंपलेलं होतं, तेव्हा उतरायचं ते खोल. गावची रीत अशी, की पेवात सोडायचा कंदील घरच्या सुवासिनीनं पेटवायचा, तिनंच सोडायचा आणि तिनंच वाकून बघायचा. महांतप्पांची सून शिवकांता तेव्हा नवी होती. अक्कलकोटाकडची, माहेरची भाषा कानडी. तिनं कंदील सोडायला घेतला. बलभीम पलीकडं खांबाला दोर बांधत होता. तिथूनच म्हणाला, "मालकीणबाई, उजेड कमी वाटतुया. वात वाढवून सोडा."

शिवकांतानं कंदील वर घेतला, वात वाढवली, परत सोडला. वाकून बघितलं. ज्योत आखडली, निळी झाली, गेली. ती मागं सरली आणि चांगल्या घरच्या बाईनं बोलावं तसं हळूच बोलली, "वाढला." अपशकुन झाला म्हणून सासूला सांगायला आणि देवघरात हात जोडायला ती आत निघून गेली.

बलभीमानं ऐकलं ते एवढंच. वात वाढवा म्हणालो होतो, वाढला म्हणाली. झालं. भर उन्हात पेवाचं तोंड काळंच दिसतं, आत काय जळतंय नि काय नाही ते वरून कळत नाही. तो दोर धरून उतरला.

सरुबाई अंगणाच्या भिंतीबाहेर पोतं घेऊन उभी होती. आत यायची तिला मुभा नव्हती. तो शब्द तिनंही ऐकला. तिलाही वाटलं, वाढला म्हणजे बरं झालं, आता नीट दिसंल.

विहिरीतली कळशी काढायच्या गळानं त्याला वर काढलं. पंचनाम्यात पाय घसरून पडला असं झालं. घसरायला आत काय शेवाळ होतं? पण विचारणार कोण! गाव म्हणालं, त्याची घटका भरली होती.

माती दिल्यावर वस्तीतल्या म्हाताऱ्या सरुबाईच्या दारात आल्या. पुढं नागूबाई, नात्यानं चुलतसासू. देव सोडले होते, पण हातातला दगड अजून सुटला नव्हता.

"चल सरू," नागूबाई म्हणाली, "बांगड्या वाढवू."

"काय करू?"

"वाढवू गं माय. बस म्होरं."

"फोडू म्हना."

"तसं बोलू न्हाय, पोरी."

"दगड घिऊन आलाय न्हवं? मग फोडायला आलाय. फोडू म्हना! एकीनं वाढवला, तर माजा मानूस गेला. आता तुमी काय वाढवताय माजं?"

नागूबाईच्या हातातला दगड तिनं हिसकून घेतला आणि उंबऱ्यावर हात ठेवून स्वतःच बांगड्या फोडल्या. प्रत्येक बांगडीला ओरडली, "फुटली! ही बी फुटली!" मग अंगणात जाऊन, वस्तीच्या पलीकडं गावापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दिवा विझला! माजा नवरा मेला!" म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. मच्छिंद्र, तिचा एकुलता पोरगा, तेव्हा शाळेत जात होता. त्यानं नाही ठेवले.

त्या दिवसापासून बाईनं जिभेला लगाम लावला नाही. लग्नात समई वाऱ्यानं गेली आणि बायका "वाढली, वाढली" करायला लागल्या की ही मागून, "विझलीय, काडी लावा." गावानं नाव ठेवलं, विझलाबाई. गावात वीज आली, गेली, पुन्हा आली. पोरं दारावरून ओरडत जायची, "विझलाबाई, लाईट गेली!"

"गेली म्हंता न्हवं? वाढली तर म्हनत न्हाय! मग गरीब दिव्यानंच काय घोडं मारलंय?"

पोरं हसत पळून जायची.

सत्तर साली सोसायटीनं ठरवलं, की सभासदांची थोडी थोडी ज्वारी एकत्र साठवायची, म्हणजे वाईट साल आलं तर गावाला सावकाराच्या दारात उभं राहायला नको. विचार चांगला होता. जागा कुठली, तर महांतप्पांचं पेव, कारण तेच थोर. इनामाच्या तुकड्यावर सरुबाई सोसायटीची सभासद होती, आणि सभेला येणारी एकटी बाई होती. ती उठली.

"पेव भरा. पन उघडताना कंदील सोडल्याबिगर कुनी उतरायचं न्हाय, असा ठराव करा. आन् बगनाऱ्यानं दोनच शब्द बोलायचं. हाय, न्हाय तर विझला. तिसरा शब्द न्हाय."

चेअरमन अण्णाराव मिशीत हसले. "कंदिलाचं कबूल, सरुबाई. पण लोकांच्या घरात तोंडानं तसलं बोलायचं म्हणजे..."

"तसलं म्हंजी कसलं?"

"ते, दिव्याचं हो."

"बोला की चेरमनसाब, म्या शिकिवते. वि. झ. ला. जीभ झडत न्हाय. म्या रोज म्हंते, माजी बगा अजून कशी जाग्याव हाय."

"ते तर सगळा तालुका जाणतो," मागून कुणीतरी बोललं. सभा हसली. हसण्याच्या भरात ठराव झाला. महांतप्पा तेवढे हसले नाहीत. ते आणि त्यांची सून, दोघंही त्या लढाईच्या सालापासून सरुबाईच्या नजरेला नजर देत नसत. ते पेव मात्र त्यांनी बुजवलं नव्हतं. इतकं चांगलं पेव कोण बुजवतो?

मग तो दुष्काळ आला. एकाहत्तरला पाऊस तुटक झाला, बहात्तरला झालाच नाही. पहिल्या वर्षी वरच्यावर निम्मी ज्वारी काढून वाटली आणि उरलेल्यावर फरशी ठेवून तोंड पुन्हा लिंपलं. त्र्याहत्तरचा उन्हाळा लागला तेव्हा विहिरींचे तळ दिसत होते, जनावरं चारा छावणीला गेली होती, माणसं खडी फोडायला. वस्तीत रेशनवरच्या परदेशी ज्वारीचा लाल मिलो शिजायचा आणि तो खाऊन पोरं पोट धरून बसायची. सोसायटीनं ठरवलं, राहिलेली निम्मी ज्वारी काढायची. उतरणार कोण? सभेत सगळे एकमेकांकडं बघायला लागले, आणि मच्छिंद्र बोलला, "म्या उतरतो."

सरुबाई त्या दिवशी खडीवर होती. तिला वाटेतच कळलं. घरी आली ती हातोडी न ठेवताच बोलली.

"कुनाला इचारून हो म्हनलास?"

"इचारायचं काय त्यात, आये? निम्मी ज्वारी आपल्याच वस्तीत यायची हाय. पोरं मिलो खाऊन रगात हगत्यात. दुसऱ्यानं उतरून आपल्याला वाडावी व्हय?"

"त्या पेवात तुजा बाप मेला."

"ठाव हाय. म्हनूनच."

"म्हनूनच म्हंजी?"

"म्हंजी गावानं म्हनू नये की बलभीमाचा पोरगा घाबरला."

"गाव म्हननार! गावाच्या म्हनन्यावर मरतो व्हय रं? गाव दिवा इझल्याला वाढला म्हंतं, त्याच्या म्हनन्याला काय किंमत?"

पण पोरगं तिचंच होतं. मान खाली घालून बसलं आणि हललं नाही. सरुबाईनं मग वाद सोडला. चुलीतली राख घेतली आणि कंदिलाची काच घासायला बसली. तडा गेला तिथं बोट कापलं. तरी घासत राहिली.

पेव उघडायच्या दिवशी महांतप्पांच्या अंगणात सगळं गाव. आता भिंतीबाहेर कुणी उभं राहत नव्हतं, निदान सोसायटीच्या कामाला तरी. फरशी निघाली आणि थंड, ओलसर काळोख वर आला. सोसायटीचा सेक्रेटरी मल्लिकार्जुन, चार बुकं शिकलेला, सोलापूरहून नवीकोरी बॅटरी घेऊन आला होता. तीन सेलची. बटण दाबलं आणि उजेडाचा झोत पेवाच्या तळापर्यंत गेला. दाणे चमकले. लोकांनी माना वाकवून आ केला.

"आता कंदिलाची कटकट नको," मल्लिकार्जुन म्हणाला. "ही कितीही खोल न्या, जळतच राहते."

महांतप्पांनी सुस्कारा टाकला. "बरं झालं. आता भरल्या घरात वाईट बोलायला नको."

आणि खरंच, सगळ्या अंगणानंच सुस्कारा टाकला. म्हातारे, बाया, चेअरमन, सगळे. गेली इतकी वर्षं जो शब्द तोंडावर यायची भीती होती, त्यातून बॅटरीनं सोडवलं होतं. ज्या दिव्याला विझणं माहीत नाही, त्याला विझला कोण म्हणणार? मच्छिंद्रनंही बॅटरी हातात घेऊन बघितली आणि एक पाय पेवाच्या काठावर टाकला.

सरुबाईनं ती बॅटरी त्याच्या हातातून ओढून घेतली.

"ही व्हय? ही मेल्याल्या मानसाच्या तोंडाव धरली तरी जळतीच ऱ्हाती. हिला काय कळतंय? हिला नाक हाय का छाती हाय?"

"बाई, सोसायटीची वस्तू आहे ती," मल्लिकार्जुन म्हणाला.

"आन् पोरगं माजं हाय. पाय काड रं काटावरनं!"

तिनं कंदील पुढं केला. रीतीप्रमाणं पेटवायचा तो घरच्या बाईनं. शिवकांता ओसरीच्या खांबाआड उभी होती. आता तीही पोक्त झालेली. सरुबाई तिच्याकडं बघून म्हणाली, "या. तुमीच पेटवा. आन् या खेपंला आत जायचं न्हाय. हितं बसायचं, माज्याजवळ. दोगींनी बगायचं."

शिवकांता आली. तिच्या हातातल्या काड्या विझत होत्या, तिसरी पेटली. कंदील खाली गेला. पेवाचा गळा ओलांडला न ओलांडला तोच ज्योत आखडली आणि गेली. सगळ्यांनी बघितलं होतं आणि एकाचंही तोंड उघडत नव्हतं. शिवकांताचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"विझला," सरुबाई म्हणाली. मग चेअरमनकडं बघून, "ऐकलं? विझला. घर पडलं का?"

मच्छिंद्र काठापासून दोन पावलं मागं सरला. त्या झोताच्या भरवशावर त्यानं पाय टाकला होता. त्याच्या कपाळावर घाम फुटला, तो त्यानं कुणाला दिसायच्या आत पुसला.

मग लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून पेवात खालीवर, खालीवर घुसळला, दुपारभर. दुसऱ्या दिवशी कंदील तळाशी जाऊन विझला. पुन्हा डहाळ्या. तिसऱ्या दिवशी तो खाली गेला आणि जळत राहिला. सरुबाई किती तरी वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "हाय."

मच्छिंद्र उतरला. कमरेला दोर, दोराचं टोक ईरण्णाच्या हातात. ईरण्णा महांतप्पांचा सालगडी, रेड्यासारखा ताकदीचा. कंदील दुसऱ्या दोरानं मच्छिंद्रच्या शेजारी सोडलेला. काठावर एका अंगाला सरुबाई, एका अंगाला शिवकांता, पोटावर पालथ्या पडून आत बघत. त्या दोघी एवढ्या जवळ कधी आल्या नव्हत्या. एकमेकींच्या श्वासाचा आवाज येत होता.

पाट्या वर यायला लागल्या. ज्वारी चांगली होती, टपोरी, नुसता कडेचा दाणा काळवंडलेला. अंगण पोती पसरून बसलं. कुणी मूठभर दाणे तोंडात टाकले. हसणं सुरू झालं. "विझलाबाई, आज तरी पोरांना भाकर दे, लेक्चर नको," कुणीतरी म्हणालं. सरुबाईनं मान वर केली नाही.

"हाय का?" ती खाली विचारायची.

"हाय, हाय," मच्छिंद्र वैतागून म्हणायचा. "दर पाटीला इचारू नगंस."

ती विचारतच राहिली. उन्हं चढली. खाली दाण्याची पातळी उतरत गेली तसा पोरगा खोल गेला, कंदीलही खोल. आता वरून मच्छिंद्रचं डोकं आणि खांदे तेवढे दिसत, आणि कंदिलाभोवती पिवळं रिंगण. कडेचा कडबा सडून गेला होता. त्याची एक पेंढी त्यानं ओढली, आणि भिंतीला टेकून उभी असलेली दाण्याची रास हळूच घसरून त्याच्या गुडघ्यापर्यंत आली. कुठंतरी सूं असा आवाज झाला, किंवा झाला नसेल. राशीखाली कोंडून बसलेलं काहीतरी मोकळं झालं. पोरगं ओणवं होऊन पाटी भरत होतं. त्याचं कंदिलाकडं लक्ष नव्हतं.

सरुबाईचं होतं. रिंगण आखडलं. ज्योत लांबट झाली, मग बुटकी, मग निळी, मग नुसता वातीवरचा तांबडा ठिपका. मग काळोख. पाटीत दाणे पडायचा आवाज एकदा आला. दुसऱ्यांदा आला नाही.

सरुबाईनं तोंड उघडलं.

अकरा वर्षं जो शब्द ती गावाच्या कानीकपाळी ओरडत आली होती, तो त्या क्षणाला जिभेवर आलाच नाही. पोटच्या पोराच्या डोक्यावर तो शब्द टाकायला जीभ वळेना. आईच्या, आजीच्या, तिच्या आजीच्या तोंडचा शब्द छातीतून उसळून वर आला.

"वाढला! वाढला रं, मच्छिंदर!"

खालून पोराचा आवाज आला, झोपेतल्यासारखा, जड.

"व्हय... वाढू दे..."

सरुबाईला आपलं बोलणं ऐकू आलं. ते परत घ्यायला तिनं पुन्हा तोंड उघडलं, आणि पुन्हा तेच. "वाढला! आरं, वाढला!" ईरण्णा दोर सैल धरून उभा. वाढला तर वाढला, तो आणखी दोर सोडायच्या बेतात. अंगणात कुणी हललं नाही.

तेव्हा शिवकांता गुडघ्यांवर उठली आणि घसा फाटेल अशी ओरडली, "विझला! विझला! ईरण्णा, मेले! मेले एळी!"

कानडीत मेले म्हणजे वर, एळी म्हणजे ओढ. पण अंगणातल्या निम्म्यांनी मराठीतलं मेले ऐकलं, आणि एकच आकांत उठला. बायांनी ऊर बडवायला सुरुवात केली. ईरण्णा घरात कानडी बोलणारा. त्यानं नेमकं ऐकलं आणि पाय रोवून दोर ओढला. कमरेत दुमडलेला मच्छिंद्र गळ्यापाशी अडकला. खांदा खरवडला, कातडी निघाली, तरी ओढला.

लिंबाच्या सावलीत त्याला आडवं टाकलं. ओठ जांभळे, डोळे अर्धे उघडे आणि त्यांत बुबुळ नाही. मल्लिकार्जुन पाणी मारत होता. महांतप्पा नुसतेच "शिवा, शिवा" करत होते. मग पोराच्या घशातून घोरल्यासारखा आवाज आला, आणि तो कुशीवर वळून ओकला. अख्ख्या गावानं एखाद्याच्या ओकण्याकडं इतक्या मायेनं कधी बघितलं नसेल.

सरुबाई त्याच्याजवळ गेली नाही. पेवाच्या काठावरच बसून होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून. शिवकांता तिच्याकडं आली. शेजारी टेकली. मग म्हणाली, "आमच्यातही दिवा मोठा झाला असंच म्हणतात, आमच्या भाषेत मला म्हणताच आलं नसतं बघा. लहानपणापासून जीभ बांधलेली. तुमच्या भाषेतलं तोंडातून निघून गेलं."

सरुबाईनं मान हलवली. तिलाही तिच्या भाषेत म्हणता आलं नव्हतं.

राहिलेली ज्वारी पुढं आठवडाभर वारा देऊन निघाली. वस्तीत भाकरी झाल्या. मच्छिंद्रच पुन्हा उतरला, आणि या खेपेला काठावर शिवकांता एकटी होती. पुढं त्यानं आईला एकदाच विचारलं. "आये, खाली मला वाढला असं ऐकू आलं. कोन म्हनलं गं?" सरुबाई चुलीकडं तोंड करून म्हणाली, "म्या."

आणि विझलाबाई गप्प झाली. पोरं दारावरून ओरडत जायची, आतून शिवी यायची नाही. गावाला वाटलं, बाई निवली. निवली कसली! तिला आता वाफेपेक्षा स्वतःच्या जिभेची भीती वाटत होती.

ऐंशीनंतर सोसायटीनं पत्र्याचं गोदाम बांधलं. पेवं भरायची थांबली. काहींनी फरशी तशीच ठेवून वर अंगण केलं, काहींनी भिंत चढवली, काहींच्या न्हाणीखाली पेव गेलं. पोरासोरांना कुठं काय आहे ते माहीत नाही. कुठं तळाशी कुजलेला कडबा आहे, कुठं चार पोती विसरलेला दाणा, अजून श्वास घेणारा. गाव त्याच्यावर बाजा टाकून झोपतं.

म्हातारपणी सरुबाई काठी टेकत फिरायची. घरोघरच्या अंगणात काठी आपटून बघायची. भरीव वाजलं तर पुढं. पोकळ वाजलं तर तिथंच बसकण मारायची आणि म्हणायची, "फरशी काडा. बगू द्या." काही जण हाकलायचे. काही जण तिच्या वयाकडं बघून काढायचे. मग कंदील पेटायचा. पण वाकून बघायला ती दुसऱ्या कुणाला तरी बसवायची. स्वतः पेवाकडं पाठ करून बसायची, पदराचा बोळा दातांत घट्ट धरून, की काही झालं तरी आपल्या तोंडातून काही निघू नये.

त्याआधी दारात उभी राहून एकच प्रश्न विचारायची. बहुतेक घरांत त्याचं उत्तर यायला फार वेळ लागायचा, आणि काही घरांत यायचंच नाही.

"तुमच्यात विझला म्हननारं कोन हाय?"